सालाखाली चिन्ह नाही, म्हणून नाणं लाखाचं?

‘सालाखाली टांकसाळीचं चिन्ह नसलेलं नाणं चुकून पडलेलं, दुर्मीळ,’ ही समजूत कोल्हापुरात महाद्वार रोडपासून गुजरीपर्यंत ऐकू येते. ती चूक आहे. मुंबई टांकसाळीचं चिन्ह पत्त्यातल्या चौकटसारखं (♦), हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका. कोलकात्याच्या नाण्यावर मात्र चिन्हच नसतं. पंचम जॉर्जच्या रुपयातही मुंबईला ठिपका, कोलकात्याला काहीच नाही.

खरा प्रश्न, नाणं दुर्मीळ भासवायला कुणी चिन्ह खरवडलंय का, हा. दहापट भिंग घ्या, टॉर्च आडवा धरा, नाणं सावकाश फिरवा. अस्सल कोऱ्या जागेची झळाळी आजूबाजूसारखीच सलग असते. घासलेल्या जागी बारीक समांतर ओरखडे, किंचित खळगा किंवा पॉलिशची वेगळीच चकाकी दिसते. साच्यात ग्रीस भरल्यानं चिन्ह उठलं नसेल, तर पुसट उंचवटा उरू शकतो आणि बऱ्याचदा शेजारचा आकडाही मऊ असतो; तिथे ओरखडे नसतात.

सोनाराच्या काट्यावर मात्र हे सापडत नाही. पाच रुपयांचं जुनं जाड नाणं 9 ग्रॅमचं. खरवडलेला धातू जेमतेम काही मिलिग्रॅम, वापरातली झीज त्याहून जास्त. आणि तपासण्याआधी चिंचेनं घासू नका. पुरावाच जातो, किंमतही.