मुक्त सॉफ्टवेअर : शिक्षण व दैनंदिन वापर

जे सॉफ्टवेअर कोणत्याही कामासाठी चालवण्याची, त्याची मूळ संहिता (आज्ञावलीचा लिहिलेला मजकूर) वाचून त्यात बदल करण्याची, त्याच्या प्रती दुसऱ्याला देण्याची आणि बदललेली प्रतही वाटण्याची मोकळीक वापरणाऱ्याला असते, त्यास मुक्त सॉफ्टवेअर म्हणतात. ते बहुधा विनामूल्य मिळते, पण विनामूल्य असणे हे त्याचे लक्षण नव्हे. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दात फुकट आणि स्वतंत्र असे दोन्ही अर्थ असल्याने तेथे घोटाळा होतो. मराठीत ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ हे शब्द वेगळे असल्याने तो टाळता येतो, आणि म्हणून ‘मोफत सॉफ्टवेअर’ हा रूढ प्रयोग सोडणे योग्य.

संकल्पनेच्या उगमाविषयी मतभेद आहेत. आयबीएमचे संगणक वापरणाऱ्यांच्या ‘शेअर’ या संघात १९५५ पासून आज्ञावलींची देवाणघेवाण होत असे, म्हणून काही अभ्यासक आरंभ तेथवर नेतात. तथापि ती व्यवहारातील सोय होती. वापरणाऱ्याचा हक्क म्हणून तिची मांडणी अमेरिकन संगणकतज्ज्ञ रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये ग्नू हा संपूर्ण मुक्त संगणकप्रणाली उभारण्याचा प्रकल्प जाहीर केल्यानंतर झाली, आणि संकल्पनेचा आरंभ तेथून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. १९८९ मध्ये आलेल्या ग्नू सार्वजनिक परवान्याने या हक्काला कायदेशीर रूप दिले. ‘मुक्तस्रोत’ (ओपन सोर्स) ही संज्ञा १९९८ मधील असून तिचा भर हक्कापेक्षा विकासपद्धतीच्या गुणांवर आहे.

शालेय शिक्षणातील भारतातले ठळक उदाहरण केरळचे आहे. तेथे २००१ च्या सुमारास ‘आयटी@स्कूल’ प्रकल्प सुरू झाला. आरंभीचे पाठ खाजगी मालकीच्या सॉफ्टवेअरवर बेतलेले होते; शिक्षक संघटनेसह अनेकांनी आक्षेप घेतल्यावर टप्प्याटप्प्याने बदल होत जाऊन, त्या दशकाच्या उत्तरार्धात शालान्त परीक्षेची संगणक प्रात्यक्षिकेही मुक्त प्रणालीवर होऊ लागली. या यशाचे मर्म परवान्याच्या वाचलेल्या खर्चाइतकेच शिक्षकांच्या तयारीत आहे. प्रशिक्षित शिक्षकांनी इतर शिक्षकांना शिकवले आणि प्रणाली बसवण्याचे, बिघाड काढण्याचे काम शाळेतच होऊ लागले.

महाराष्ट्रात पवईच्या आयआयटी मुंबई येथे कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प उभा राहिला. सुमारे दहा मिनिटांच्या पाठात पडद्यावर लिबरऑफिस (कार्यालयीन कामाचा संच), पायथन (आज्ञावलीची भाषा) वा सायलॅब (गणिती आकडेमोडीचे सॉफ्टवेअर) चालताना दिसते. शिकणारा पाठ थांबवून तीच कृती शेजारच्या खिडकीत स्वतः करून पाहतो. मराठी पाठात निवेदन मराठीत असले तरी पडद्यावरील मेनू इंग्रजीच राहतात. तज्ज्ञ शिक्षक नसलेल्या महाविद्यालयातही त्यामुळे वर्ग चालू शकतो.

मराठीतील रोजच्या वापराचा प्रश्न बराचसा टंकांशी (फाँटशी) निगडित आहे. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सर्व संगणकांवर एकच संकेतांक देणारी पद्धत. जुन्या बिगर-युनिकोड टंकात टंकलेली फाइल तो टंक नसलेल्या संगणकावर उघडली, की मजकुराऐवजी रोमन अक्षरे व चिन्हांची गर्दी दिसते, आणि दोष नव्या सॉफ्टवेअरला लागतो. युनिकोडमध्येही मराठीची खास गरज आहे: ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ हे दरीचे अनेकवचन, यांतील भेद केवळ रफाराच्या रूपाचा आहे. ऱ ला ०९३१ हा स्वतंत्र संकेतांक असून इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाणित कळफलकावर शिफ्टसह र ची कळ, मग हलन्त, मग य असा क्रम दाबला की हे रूप उमटते. टंकात त्याची सोय नसेल, तर शब्दाचा अर्थच बदलतो. मुंबईच्या एक टाइप संस्थेचा ‘मुक्त’ आणि रेड हॅट या सॉफ्टवेअर कंपनीने पुरस्कृत केलेला ‘लोहित’ हे मुक्त परवान्याचे टंक या दृष्टीने उपयुक्त ठरले आहेत. संगणक शिकवताना हा एवढा भाग पहिल्याच दिवशी दाखवावा, म्हणजे पत्र, अर्ज वा प्रश्नपत्रिका मराठीत करू पाहणारा माघारी फिरत नाही.

भारत सरकारने २०१५ मध्ये शासकीय कामासाठी मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देणारे धोरण स्वीकारले. सी-डॅक या शासकीय संगणक संशोधन संस्थेची ‘बॉस’ ही लिनक्स या मुक्त प्रणालीवर आधारित प्रणाली त्याआधीची आहे. मराठी विकिपीडिया (आरंभ १ मे २००३) मीडियाविकी या मुक्त सॉफ्टवेअरवर चालतो, आणि अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सच आहे.