मुंबईची चिलखती 'मॅग्डाला'

1870 साली लंडनच्या टेम्स आयर्नवर्क्स गोदीत मुंबई बंदराच्या राखणीसाठी एक वाफेची युद्धनौका बांधून झाली. नाव 'मॅग्डाला', इथिओपियातल्या गडावरून. 1868 मध्ये तो गड घेणारी फौज मुंबईहूनच निघाली होती.

लांबी 225 फूट, वजन साधारण 3,340 टन, आणि तरीही डेक पाण्याच्या वर जेमतेम तीन-चार फूट! रचनाकार एडवर्ड रीड यांचा हिशेब सरळ होता. कडा बुटकी ठेवली की शत्रूला नेम धरायला जागा उरत नाही, आणि चिलखतही थोडक्या भागालाच लागतं. जलरेषेवर त्यांनी आठ इंचांपर्यंत जाडीचं लोखंड चढवलं, त्यामागे सागवानाचा थर दिला. डेकच्या मध्यावर चिलखती भिंतीचं कडं उभारून धुराडं आणि दोन्ही फिरत्या बुरुजांचा पाया त्यात घेतला. प्रत्येक बुरुजात दोन तोफा होत्या. एकेक तोफ 18 टनांची, आणि ठासायची मात्र तोंडातूनच.

बंदरात हे सगळं ठीक. पण जहाज आधी मुंबईला पोचायला तर हवं! जहाज कलतं तेव्हा कललेल्या बाजूचा जास्त भाग पाण्यात जातो आणि तिथलं पाणी त्याला परत सरळ ढकलतं. बुटक्या जहाजात मात्र डेकची कडा लवकर बुडते. त्यानंतर हा जोर फारसा वाढत नाही, थोड्याच अंशांत तो उतरणीला लागतो. त्यात शिडांवर वारा भरला की संपलंच. ब्रिटिश नौदलाची 'कॅप्टन' ही बुटकी, शिडांची युद्धनौका 7 सप्टेंबर 1870 ला मध्यरात्रीनंतर लगेच स्पेनच्या फिनिस्टेर भूशिराजवळ उलटली आणि जवळपास पाचशे माणसं गेली. तिच्यात हा जोर 21 अंशांवरच कळसाला पोचत होता; उंच कडेच्या 'मोनार्क' या युद्धनौकेत तो 40 अंशांपर्यंत वाढत जाई.

हे ताजं असताना, त्याच हिवाळ्यात, 'मॅग्डाला'वर तात्पुरत्या तीन डोलकाठ्या चढवून तिला मुंबईला धाडलं. माझ्या मते तिच्या कारकिर्दीतली खरी जोखीम हीच. ती सुखरूप पोचली आणि जोडीदार 'ॲबिसिनिया'सह तीसेक वर्षं बंदरात राहिली. लढाईची वेळ आलीच नाही. 1892 मध्ये मागून ठासायच्या आठ इंची तोफा बसवल्या, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिला भंगारात काढलं.

अशी नौका बघायचीच असेल तर मेलबर्न गाठावं लागेल. तिथल्या हाफ मून बेमध्ये, याच घडणीची 'सर्बेरस' 1926 मध्ये लाटा अडवायला मुद्दाम बुडवली होती. तिचे बुरूज अजून पाण्याबाहेर दिसतात.