अ‍ॅसिडच्या लाइनला कोटिंग करून घेण्याआधी

आम्ही कारखान्यांच्या पाइपलाइनना आतून कोटिंग करून देतो. आमच्याकडे येणारा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती मायक्रॉन मारता?" म्हणजे कोटिंगचा थर किती जाड? त्यावर आम्ही उलट विचारतो, की लाइनमधून काय जातंय, किती टक्क्यांचं आणि किती गरम? काहींना ही टाळाटाळ वाटते, पण या तीन गोष्टी कळल्याशिवाय मायक्रॉनला अर्थ नाही.

एचसीएलमध्ये, म्हणजे हायड्रोक्लोरिकमध्ये, लोखंड नुसतं गंजत नाही, विरघळतं. त्याचं फेरस क्लोराइड होतं आणि हायड्रोजन वायू सुटतो. पावसात गंजलेल्या पाइपवर निदान तांबडा थर दिसतो. इथे बाहेरून काहीच कळत नाही, आतून भिंत पातळ होत जाते.

सल्फ्युरिकचं गणित वेगळं आहे. ९८ टक्क्यांचं सल्फ्युरिक साध्या एमएस (माइल्ड स्टील) पाइपमधून नेतात, कारण आतून आयर्न सल्फेटचा थर बसतो आणि तोच पाइप सांभाळतो. पाणी लागलं की हा थर टिकत नाही. शटडाउनला लाइन रिकामी करून फ्लँज (पाइप जोडायच्या चकत्या) उघडे टाकले, तर आत उरलेलं अ‍ॅसिड हवेतला ओलावा ओढून घेतं, पातळ होतं आणि मग पाइप खायला लागतं. लोटे-महाडकडच्या जुलैतल्या हवेत तर विचारूच नका. पंपाचा वेग जास्त असला तरी थर खरवडला जातो. अशा लाइनला कधी कधी कोटिंगची गरजच नसते, वापरण्याची शिस्त पुरते. तसं असेल तर आम्ही तसं सांगतो, ऑर्डर गेली तरी.

कोटिंगचं काम एकच, अ‍ॅसिडची आणि लोखंडाची गाठ पडू न देणं. त्यामुळे सगळा खेळ भोकाचा. मागे आमच्याच कामातला एक एल्बो, म्हणजे पाइपचा वळणाचा तुकडा, परत आला. आतलं इपॉक्सी चकचकीत, फक्त वेल्डिंगच्या जोडाजवळ रुपयाएवढा फुगा. तो फोडला तर आत काळपट पाणी आणि खाली बोट बसेल एवढा खड्डा. कारण शोधलं तेव्हा कळलं, वेल्डिंगचा एक दाणा ग्राइंडरखालून सुटला होता. त्याच्या टोकावर कोटिंग ठरलं नाही, टाचणीएवढी जागा उघडी राहिली. तिथून अ‍ॅसिड आत शिरलं आणि सुटलेल्या हायड्रोजनने कोटिंग उचलत नेलं. तेव्हापासून आतली वेल्डिंग घासून गुळगुळीत झाल्याशिवाय आम्ही पाइप ब्लास्टिंगला, म्हणजे जोरात कण मारून साफ करायला, घेत नाही.

ब्लास्टिंग म्हणजे नुसता गंज काढणं नव्हे. एसए २½ या सफाईच्या ठरलेल्या दर्जापर्यंत पत्रा उजळायला हवा आणि कोटिंगला पकड मिळेल असा खरखरीतपणाही यायला हवा. कोटिंग मारताना पाइपचं तापमान दवबिंदूच्या किमान ३ अंश वर पाहिजे, नाहीतर डोळ्यांना न दिसणारं दव खाली अडकतं. म्हणून पावसाळ्यात आम्ही तारीख पुढे ढकलली तर रागावू नका.

कशावर काय चालतं? एचसीएलला नैसर्गिक रबराचं लायनिंग (आतून चिकटवलेलं अस्तर), हा जुना आणि भरवशाचा इलाज. नायट्रिक मात्र तेच रबर खाऊन टाकतं. सल्फ्युरिक पातळ असेल तर साध्या इपॉक्सीपेक्षा नोव्होलॅक हा इपॉक्सीचा जास्त दणकट प्रकार बरा टिकतो. हायड्रोफ्लोरिक असेल तर काचेचे कण असलेलं कोटिंग नकोच, ते काचच खातं. आणि "गॅल्व्हनाइज करून द्या" असं कृपया सांगू नका. पाण्याच्या लाइनला जस्त उत्तम, पण अ‍ॅसिडमध्ये ते लोखंडाच्याही आधी जातं.

लायनिंग झालेल्या पाइपवर नंतर वेल्डिंग करू नका, क्लॅम्पचा तुकडासुद्धा बाहेरून चिकटवू नका. त्या जागी आतलं रबर जळतं आणि कुणाला पत्ता लागत नाही. जुन्या अ‍ॅसिड लाइनला गॅसची तपासणी केल्याशिवाय कटर किंवा वेल्डिंग अजिबात लावू नका, आत हायड्रोजन साठलेला असू शकतो.

माल नेण्याआधी स्पार्क टेस्ट तुमच्या समोर होते. तारेचा ब्रश लायनिंगवरून फिरतो, भोक असेल तिथे कडकन ठिणगी उडते. ठिणगी उडाली तर तो पीस त्या दिवशी गाडीत चढत नाही. ड्रॉइंग पाठवताना सोबत अ‍ॅसिडचं नाव, टक्केवारी, सर्वांत जास्त तापमान आणि लाइन कशाने धुता, एवढं लिहा. धुण्याचं पाणी बहुतेक जण लिहायला विसरतात.