बांधावर थांबलेले रस्ते : शहराचा पसारा मोजण्यामागची पार्श्वभूमी

तीन रस्ते मिळतात त्या जागेला सांगली-कोल्हापूरकडे तिकटी म्हणतात. कोल्हापुरातली मिरजकर तिकटी सर्वांना ठाऊक आहे. चार रस्ते मिळाले की चौक होतो, आणि जिथून पुढे बाहेर पडता येत नाही ती बंद बोळ. रस्त्यांच्या जोडणीवरून शहराचा पसारा मोजण्याची जी पद्धत गेल्या साठ वर्षांत घडत गेली, तिला लागणारा कच्चा माल एवढाच आहे : शहरात चौक किती, तिकट्या किती आणि बंद बोळ किती.

पसारा म्हणजे विरळ वस्ती, असे मानून पूर्वी तो लोकसंख्येच्या घनतेवरून मोजला जाई. नंतर उपग्रहांच्या छायाचित्रांवरून बांधकामाखालचे क्षेत्र मोजले जाऊ लागले. ही दोन्ही मोजमापे उपयोगी असली, तरी ती बदलत्या गोष्टींची आहेत. बंगला पाडून सहा मजली इमारत उभी राहिली की घनता वाढते, पण त्या इमारतीसमोरचा रस्ता जिथे संपत होता तिथेच संपतो. घरे बदलतात, मालक बदलतात, रस्त्याची आखणी मात्र सहसा बदलत नाही, कारण ती बदलायची तर कुणाची तरी जागा घ्यावी लागते. म्हणून एखादा भाग कसा वसला, याची सर्वांत टिकाऊ खूण रस्त्यांच्या जाळ्यात सापडते.

या मोजणीमागचे गणित जुने आहे. क्योनिग्सबर्ग (आजचे कालिनिनग्राद) शहरातील सात पूल प्रत्येकी एकदाच ओलांडून फिरता येईल काय, या कोड्याला लिओनार्ड ऑयलरने १७३६ च्या सुमारास नकारार्थी उत्तर दिले, तेव्हा त्याने अंतरे आणि दिशा बाजूला ठेवून कोणत्या भूभागाला किती पूल जोडलेले आहेत एवढेच पाहिले. भूगोलाच्या अभ्यासकांनी ही दृष्टी वाहतुकीच्या जाळ्यांना लावली ती बरीच उशिरा. १९६३ साली शिकागो विद्यापीठात के. जे. कान्स्की यांनी अल्फा, बीटा, गॅमा अशा नावांचे निर्देशांक मांडले. त्यांतला बीटा सर्वांत सोपा : दोन जोडांमधल्या रस्त्यांच्या तुकड्यांची संख्या भागिले जोडांची, म्हणजे चौक-तिकट्यांची, संख्या, आणि बंद टोकही एक जोड म्हणून धरायचे. झाडाच्या फांद्यांप्रमाणे फुटत जाणाऱ्या, कुठेच वळसा घालून परत न येणाऱ्या जाळ्यात हा आकडा एकाच्या खाली राहतो; चौकटीच्या जाळ्यात तो दोनकडे सरकतो.

हे निर्देशांक शहरी पसाऱ्याशी जोडले गेले ते अमेरिकेत, आणि त्याला कारण तिथली उपनगरे होती. बंद टोकाचा रस्ता हा तिथे अपघात नव्हता. ते ठरवून स्वीकारलेले धोरण होते. इंग्लंडमध्ये हॅम्पस्टेड गार्डन सबर्बसाठी १९०६ साली खास कायदा करून अशा रस्त्यांना वाट मोकळी केली गेली. १९२९ मध्ये न्यू जर्सीतील रॅडबर्न येथे क्लॅरेन्स स्टाइन आणि हेन्री राइट यांनी मोटारींपासून मुलांना सुरक्षित ठेवण्यासाठी घरे बंद गल्ल्यांभोवती रचली. आणि १९३४ साली स्थापन झालेल्या अमेरिकी संघीय गृहनिर्माण प्रशासनाने आपल्या मार्गदर्शक पुस्तिकांतून चौकटीच्या आखणीऐवजी हीच आखणी पसंत केल्यावर विकासकांनी ती देशभर उचलली. शेजारचे घर कुंपणापलीकडे आणि त्याच्या दारापर्यंतचा रस्ता मैलभर, अशी स्थिती आल्यावर काही शहरांनी नव्या वसाहतींसाठी किमान जोडणीचे प्रमाण नियमांत घातले. ख्रिस्तोफर बॅरिंग्टन-ली आणि ॲडम मिलार्ड-बॉल यांनी २०१५ साली अमेरिकेतील शतकभराच्या रस्त्यांची मोजणी प्रसिद्ध केली. नव्या रस्त्यांची जोडणी दशकानुदशके घसरत जाऊन १९९० च्या दशकाच्या मध्यानंतर सुधारू लागल्याचे तिच्यात दिसले. २०२० मध्ये त्यांनी हीच मोजणी जगभर नेली. २००४ साली सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी भरलेल्या मुक्त नकाशामुळे हे शक्य झाले, आणि त्याच नकाशामुळे आज लहान शहरातला विद्यार्थीही आपल्या गावाचा आकडा काढू शकतो.

मात्र आकडा काढणे आणि त्याचा अर्थ लावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि इथे सांगलीचे उदाहरण घेणे सोयीचे आहे. १८०१ मध्ये चिंतामणराव पटवर्धनांनी मिरजेपासून वेगळे होऊन सांगलीला राजधानी केले. कृष्णा पश्चिमेला असल्याने शहराची मुख्य वाढ पूर्वेकडे, विश्रामबाग आणि मिरजेच्या दिशेने झाली. गावभागातही, म्हणजे जुन्या वस्तीतही, बंद बोळ सापडतात, पण त्या पायी चालणाऱ्यांच्या काळातल्या आहेत आणि त्यांच्याभोवतीची वस्ती दाट आहे. शहराच्या कडेला सापडणाऱ्या बंद बोळांची जन्मकथा निराळी असून ती अमेरिकी उपनगराशीही जुळत नाही. ती शेताच्या बांधापाशी सुरू होते.

१९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याने नगररचना योजनेची पद्धत आणली. या पद्धतीत अनेक मालकांच्या जमिनी एकत्र धरून, आधी रस्ते आखून, मग प्रत्येकाला नव्या आकाराचा भूखंड दिला जातो, म्हणजे रस्ता बांध पाहत नाही. १९५४ च्या कायद्याने विकास आराखड्यावर भर आला आणि १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने तीच चौकट पुढे नेली. आराखड्यात मोठे रस्ते दाखवले जातात. त्यांच्या मधले लहान रस्ते ज्याच्या-त्याच्या लेआउटवर सोपवलेले असतात. गुजरातने नगररचना योजनांचा वापर नेटाने चालू ठेवला, महाराष्ट्रात तो मागे पडला, आणि माझ्या मते आपल्या लहान शहरांच्या जोडणीवर या एका गोष्टीइतका परिणाम दुसऱ्या कशाचाही झालेला नाही.

त्यात गुंठेवारीची भर पडली. शेतजमिनीचे तुकडे पाडण्यास १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने आळा घातला होता. तरीही ज्यांना मंजूर लेआउटमधला प्लॉट परवडत नव्हता त्यांनी एक-दोन गुंठे, म्हणजे प्रत्येकी १०८९ चौरस फुटांचे तुकडे, मुद्रांकावरच्या करारावर विकत घेतले. विकणारा शेतकरी आपल्या गटातून मधोमध एक अरुंद रस्ता काढी आणि त्याला दोन्ही बाजूंनी गल्ल्या फोडी. त्या गल्ल्या त्याच्या बांधापाशी थांबत, कारण पलीकडची जमीन दुसऱ्याची. चार वर्षांनी पलीकडच्यानेही तेच केले, तोवर अलीकडच्या गल्लीच्या टोकाला घर उभे राहिलेले असे. सांगलीतील शामरावनगरसारख्या भागांमुळे गुंठेवारी हा तिथे नेहमीच्या बोलण्यातला शब्द झाला आहे.

बीटा निर्देशांक हे नेमके पकडतो. समजा, मुख्य रस्त्यावरून दोन शेजारी गटांत एकेक रस्ता शिरतो, आणि प्रत्येकाला दहा ठिकाणी दोन्ही बाजूंना गल्ल्या फुटतात, माशाच्या काट्यासारख्या. दोन्ही गटांत मिळून, मुख्य रस्त्यावरच्या दोन तिकट्या धरून, ६२ जोड आणि ६१ तुकडे होतात, प्रमाण ०.९८. आता मधल्या बांधावर समोरासमोर थांबलेल्या दहा गल्ल्या एकमेकींना मिळाल्या, तर ४२ जोड आणि ५१ तुकडे उरतात, प्रमाण १.२१. एकही नवा रस्ता न करता, केवळ दहा ठिकाणी बांध मोकळा करून, एवढा फरक पडतो. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने १ जानेवारी २००१ पूर्वीचे भूखंड शुल्क घेऊन नियमित करण्याची सोय केली आणि २०२१ च्या दुरुस्तीने ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. रहिवाशांच्या डोक्यावरची टांगती तलवार त्यामुळे दूर झाली, आणि ते आवश्यकच होते. पण नियमित झाली ती मालकी आणि बांधकामे, रस्त्यांची जुळणी नव्हे.

लहान शहराची मोजणी करताना काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. हद्दीच्या रेषेने कापलेला प्रत्येक रस्ता संगणकाला बंद टोकासारखा दिसू शकतो, आणि शहर जितके लहान तितकी क्षेत्रफळाच्या मानाने हद्द लांब, म्हणून हद्दीबाहेरचा थोडा पट्टाही मोजणीत घ्यावा लागतो. नदीकाठाला किंवा रेल्वेमार्गाला अडलेला रस्ता आणि बांधाला अडलेला रस्ता यांची गल्लत करून चालत नाही. शिवाय बीटाला आकारमान कळत नाही : शंभर मीटरवर चौक असोत की पाचशे मीटरवर, प्रमाण तेच येते. त्यामुळे दर चौरस किलोमीटरला किती चौक-तिकट्या आहेत, हेही सोबत मोजावे लागते. पण तेव्हा क्षेत्र कोणते धरायचे हा प्रश्न उभा राहतो. सांगली, मिरज आणि कुपवाड यांची महापालिका १९९८ साली झाली, आणि तिच्या हद्दीत तीन गावांबरोबर त्यांच्यामधली शेतीही आली. ती क्षेत्रात धरली की चौकांची घनता कमी दिसते, आणि वगळली की ज्या शेतांतून उद्याच्या गल्ल्या निघायच्या आहेत तीच मोजणीबाहेर जातात.