सुएझचा कालवा उघडाच राहिला

दुसऱ्या महायुद्धाची सुरुवात १ सप्टेंबर १९३९ ला झाली, त्या पहाटे जर्मन फौजा पोलंडमध्ये घुसल्या, हे आपण शाळेपासून पाठ केलेले असते. कारणेही ठरलेली: व्हर्सायचा तह, जागतिक मंदी, हुकूमशाहीचा उदय, पहिल्या महायुद्धानंतर शांतता राखण्यासाठी स्थापलेल्या राष्ट्रसंघाचे अपयश. यातले शेवटचे कारण दोन ओळींत आटोपते. माझ्या मते गोष्टीचा गाभा तिथेच आहे, आणि तो समजून घ्यायचा तर बर्लिनपेक्षा आधी आफ्रिकेकडे, ॲबिसिनियाकडे, म्हणजे आजच्या इथिओपियाकडे बघायला हवे.

आधी हुकूमशहा सत्तेवर आले कसे, ते पाहू. मुसोलिनी ऑक्टोबर १९२२ मध्ये इटलीचा पंतप्रधान झाला. रोमवर चालून आलेल्या त्याच्या काळ्या डगलेवाल्या अनुयायांना सैन्याने अडवले असते, पण राजाने आणीबाणीच्या हुकमावर सही केली नाही. जून १९२४ मध्ये संसदेत त्याच्याविरुद्ध बोलणाऱ्या मात्तेओत्ती या खासदाराचा खून झाला. देश हादरला, तरी सरकार टिकले, आणि पुढच्या जानेवारीपासून उरलासुरला विरोध मोडून काढण्यात आला.

जर्मनीतली गोष्ट आकड्यांतच नीट दिसते. १९२८ च्या निवडणुकीत नाझी पक्षाला अवघी २.६ टक्के मते होती. मग मंदी आली. १९३० मध्ये ती १८ टक्के झाली, जुलै १९३२ मध्ये ३७ टक्के. त्या वर्षी साठ लाख जर्मन बेकार होते. मात्र नोव्हेंबर १९३२ मध्ये पुन्हा निवडणूक झाली तेव्हा मते ३३ टक्क्यांवर घसरली होती, हे सहसा कोणी सांगत नाही. म्हणजे ३० जानेवारी १९३३ ला हिटलर चॅन्सेलर (पंतप्रधान) झाला तो लाटेवर बसून नव्हे, तर ओहोटी लागलेली असताना. माजी चॅन्सेलर फॉन पापेन आणि त्याच्या उमराव मंडळींना वाटले, याला मंत्रिमंडळात घेऊन आपण मुठीत ठेवू. दोन महिन्यांच्या आत, २३ मार्चला, हिटलरला कायदे करण्याचे सर्वाधिकार देणारे विधेयक ४४४ विरुद्ध ९४ मतांनी मंजूर झाले. कम्युनिस्ट खासदार तुरुंगात किंवा भूमिगत होते, सभागृहात गणवेशातले नाझी उभे होते. विरोधी ९४ मते सगळी सोशल डेमोक्रॅट्सची. त्या दिवशी विरोधात मत द्यायला काय धैर्य लागले असेल, याचा विचार मनात आला की ही संख्या मला कोरडी वाटत नाही.

आता आक्रमणांकडे. पहिला दगड जपानने मारून पाहिला. १८ सप्टेंबर १९३१ च्या रात्री चीनच्या मांचुरिया प्रांतात, मुकदेनजवळ रेल्वेच्या रुळांवर स्फोट झाला. तो जपानच्याच क्वांतुंग सेनेतल्या अधिकाऱ्यांनी घडवला होता, आणि त्याचे निमित्त करून त्यांनी सगळा मांचुरिया घेतला. राष्ट्रसंघाने चौकशी आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष लॉर्ड लिटन काही वर्षांपूर्वीपर्यंत बंगालचे गव्हर्नर होते. अहवाल यायला वर्ष लागले. फेब्रुवारी १९३३ मध्ये तो ४२ विरुद्ध १ अशा मतांनी स्वीकारला गेला. ते एक मत जपानचे. जपानी प्रतिनिधी उठून निघून गेले आणि मांचुरिया जपानकडेच राहिला. एक बंदूक जप्त झाली नाही, एक जहाज अडले नाही.

आपल्याकडे म्हणतात, म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो. मांचुरियाने काळ सोकावला. ॲबिसिनियाने त्याला घरच दाखवले.

हा देश आपल्याला परका नाही. हबशी हा शब्द तिथलाच. औरंगाबादची नहर बांधणारा मलिक अंबर त्याच मुलखातून गुलाम म्हणून विकला जाऊन दख्खनेत पोचला होता. आफ्रिकेच्या वाटणीत युरोपीय सत्तांच्या हाती न लागलेला हा जवळजवळ एकमेव देश. १ मार्च १८९६ ला अडोव्याच्या लढाईत त्याने इटलीच्या फौजेचा धुव्वा उडवला होता आणि तो पराभव इटलीला चाळीस वर्षे सलत होता. १९२३ मध्ये इथिओपिया राष्ट्रसंघाचा सभासद झाला. एका सभासदावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर हल्ला, असे संघाच्या सनदेत लिहिलेले होते.

डिसेंबर १९३४ मध्ये ओगाडेनच्या वाळवंटात, वालवाल इथल्या विहिरींपाशी चकमक झाली. जागा इथिओपियाच्या हद्दीत खूप आत होती, तरी इटलीने माफी आणि नुकसानभरपाई मागितली. सम्राट हैले सेलासी संघाकडे दाद मागायला गेले. पुढचे नऊ-दहा महिने संघाच्या मुख्यालयी, जिनिव्हात, समित्या बसत होत्या आणि इटलीची जहाजे माणसे, खेचरे, तोफा भरून सुएझच्या कालव्यातून दक्षिणेला जात होती. कालव्यावर ब्रिटनचा पहारा होता. प्रत्येक जहाज शुल्क भरून रीतसर पुढे जाई.

३ ऑक्टोबर १९३५ ला युद्धाची घोषणा न करताच इटालियन फौजा मारेब नदी ओलांडून आत शिरल्या. राष्ट्रसंघाने चारच दिवसांत इटलीला आक्रमक ठरवले, १८ नोव्हेंबरला आर्थिक निर्बंधही लागू केले. ब्रिटनमध्ये त्याच वर्षी झालेल्या मतकौलात एक कोटीहून अधिक लोकांनी अशा निर्बंधांना पाठिंबा दिला होता. लोक कचरत नव्हते. पण इटलीला काय विकायचे नाही, त्याची यादी पाहा. घोडे, खेचरे, गाढवे, उंट, रबर, कथील, ॲल्युमिनियम. कोळसा त्यात नव्हता, पोलाद नव्हते आणि तेल नव्हते. ज्या तेलावर इटलीचे ट्रक, रणगाडे आणि विमाने चालत होती, ते वगळले होते. अमेरिका संघात नाही, ती तेल विकतच राहील, असे कारण दिले गेले. ब्रिटन आणि फ्रान्सच्या मनात भीती वेगळी होती. तेल तोडले तर मुसोलिनी भूमध्य समुद्रात आपल्याशी लढेल, किंवा हिटलरला जाऊन मिळेल. ही भीती अगदीच पोकळ होती असे मी म्हणणार नाही. पूर्वेला जपान, शेजारी जर्मनी, अशा वेळी ब्रिटिश आरमारालाही विचार करावा लागला असता. पण ज्या मैत्रीसाठी हे चालले होते ती वर्षभरसुद्धा टिकली नाही.

डिसेंबरमध्ये तर कहर झाला. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री होअर यांनी सप्टेंबरातच जिनिव्हात आक्रमणाविरुद्ध ठणकावून भाषण केले होते. तेच होअर पॅरिसमध्ये फ्रान्सचे पंतप्रधान लावाल यांच्याबरोबर बसले आणि इथिओपियाचा मोठा लचका इटलीला देण्याचा गुप्त मसुदा त्यांनी तयार केला. तो पॅरिसच्या वर्तमानपत्रांत फुटला, ब्रिटनमध्ये लोक खवळले, होअर यांना राजीनामा द्यावा लागला. पण आक्रमकाला जे कळायचे ते कळून चुकले होते.

त्याच डिसेंबरपासून इटलीच्या विमानांनी कातडी भाजून काढणाऱ्या मस्टर्ड वायूचा वापर सुरू केला. विषारी वायू वापरणार नाही, या १९२५ च्या करारावर इटलीची सही होती. तरी तो आधी बाँबमधून, मग फवारणी करून सोडला. नऊ, पंधरा, अठरा विमाने ओळीने एकामागून एक जात आणि त्यांच्या फवाऱ्याची सलग चादर तयार होई, असे सम्राटांनी पुढे सांगितले. सैनिक, बायका, पोरे, गुरे, नद्या, कुरणे, सगळे त्याखाली आले. पाणी प्यायलेली जनावरे मेली. पायात जोडे नसलेले सैनिक त्या गवतातून चालत गेले. मेल्का दिदा इथल्या स्वीडिश रेडक्रॉसच्या इस्पितळावरही बाँब पडले.

५ मे १९३६ ला आदिस अबाबा पडले. सम्राट तीन दिवस आधी रेल्वेने जिबूतीकडे गेले होते. ३० जूनला ते जिनिव्हाच्या सभागृहात बोलायला उभे राहिले. वरच्या सज्जातल्या इटालियन पत्रकारांनी शिट्ट्या आणि आरडाओरडा सुरू केला. ठेंगणे, काळ्या झग्यातले सेलासी गप्प उभे राहिले. पत्रकारांना बाहेर काढल्यावर ते आपल्या अम्हारिक भाषेत बोलले. शेवटी त्यांनी विचारले, माझ्या लोकांकडे मी काय उत्तर घेऊन जाऊ? उत्तर दोन आठवड्यांत मिळाले. १५ जुलैला इटलीवरचे निर्बंध उठले.

पुढचे सगळे भराभर घडले. तेलबंदीची चर्चा जिनिव्हात चालू असतानाच, ७ मार्च १९३६ ला, हिटलरने ऱ्हाईनलँडमध्ये, म्हणजे व्हर्सायच्या तहाने सैन्यबंदी घातलेल्या जर्मन प्रदेशात, सैन्य घुसवले होते. फ्रेंच फौज पुढे आली तर माघार घ्यायची, असे त्या तुकड्यांना सांगितलेले होते. फ्रेंच आले नाहीत. जुलै १९३४ मध्ये ऑस्ट्रियाच्या चॅन्सेलरचा नाझींनी खून केला, तेव्हा याच मुसोलिनीने ब्रेनर खिंडीकडे सैन्य पाठवून हिटलरला रोखले होते. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला तेव्हा मुसोलिनी हलला नाही. हिटलरने त्याला कळवले, मी हे कधीही विसरणार नाही. दरम्यान जुलै १९३७ पासून जपान चीनमध्ये खोलवर शिरला होता. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईहून बोटीत बसले ते त्या युद्धातल्या जखमींसाठी. ते परतले नाहीत. डिसेंबर १९४२ मध्ये तिथेच गेले.

१९३८ च्या सप्टेंबरअखेर म्युनिकला चेकोस्लोव्हाकियाचा सुडेटन प्रदेश हिटलरच्या ओंजळीत टाकण्यात आला. तिथे मुसोलिनी हिटलरला काय म्हणाला, ते हिटलरच्या दुभाष्याने लिहून ठेवले आहे: राष्ट्रसंघाने निर्बंधांत तेल घातले असते, तर मला आठवड्याभरात ॲबिसिनियातून परत फिरावे लागले असते.

मार्च १९३९ मध्ये प्राग गेले, एप्रिलमध्ये मुसोलिनीने अल्बानिया घेतला, ऑगस्टमध्ये जर्मनी आणि सोव्हिएत रशियाने करार केला.

इथिओपियाची गोष्ट पुढे आपल्या माणसांच्या रक्ताशी येऊन मिळाली. फेब्रुवारी-मार्च १९४१ मध्ये इथिओपियाला लागून असलेल्या इटलीच्या वसाहतीत, एरिट्रियातल्या केरेनच्या उभ्या कड्यांवर इटालियन फौज ठाण मांडून बसली होती. तिला हटवायला चौथी आणि पाचवी भारतीय डिव्हिजन झुंजली. पाचव्या डिव्हिजनमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन होती, कोकणातली आणि देशावरची पोरे. २७ मार्चला केरेन पडले. ५ मे १९४१ ला, इटालियन राजधानीत शिरले त्याला बरोबर पाच वर्षे झाली त्या दिवशी, हैले सेलासी आदिस अबाबात परतले.