बॅटरी बसली, की गाडी झोपलीच नाही?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात माझ्या मावसभावाचा जुना वाडा आहे. त्याच्या चौकात गेल्या दिवाळीपासून एक लाल, दोन दारांची, बारा वर्षं वापरलेली स्पोर्ट्स कार उभी आहे. दिल्लीहून आणलेली. तिचं पोट जमिनीला इतकं जवळ, की गल्लीतले स्पीड ब्रेकर तिला झेपत नाहीत. त्यामुळे रविवारी सकाळी झाशी रोडला एक चक्कर आणि उरलेले सहा दिवस चौकात मुक्काम. तीन महिन्यांत तिने दोन बॅटऱ्या खाल्ल्या.

पहिली बॅटरी गाडीबरोबरच आली होती. ती डिसेंबरात गेली तेव्हा सगळ्यांनी थंडीला दोष दिला. थंडीचा हात होताच: रासायनिक क्रिया मंदावते, इंजिनातलं ऑइल घट्ट होतं, म्हणजे जोर जास्त लागतो आणि मिळतो कमी. पण खरी मारेकरी उन्हाळ्याची काहिली. तापमान १० अंशांनी वाढलं की बॅटरीच्या आतली झीज साधारण दुप्पट वेगाने होते. मे महिन्यात ४५ अंशांत प्लेटा गंजतात, पाणी उडतं, तरी गाडी सुरू होत राहते, कारण उन्हाळ्यात इंजिनाला फिरवायला फार जोर लागत नाही. आजार मे महिन्यातला, मयत डिसेंबरातलं.

नवी बॅटरी बसवली. पहिल्याच आठवड्यात, शुक्रवारी रात्री सहज बटण दाबलं तर नुसतं टक-टक-टक-टक. हा आवाज बॅटरीचा नाही, सेल्फवरच्या सोलेनॉइडचा. हा एक विद्युतचुंबक. तो ओढला गेला की सेल्फच्या मोटरला करंट मिळतो. मोटर दीडशे-दोनशे अ‍ॅम्पिअर मागते, दमलेल्या बॅटरीचा व्होल्टेज धाडकन पडतो, चुंबकाची पकड सुटते. मोटरचा करंट तुटला की व्होल्टेज परत वर येतो आणि चुंबक पुन्हा ओढतो.

मावशी म्हणाली, "रोज पाच मिनिटं चालू करून ठेवत जा रे. दुधाला नाही का आपण उकळी आणून ठेवत?"

उपमा झकास, पण हिशेब जमत नाही. गाडी सुरू करायला बॅटरीतलं फार काही जात नाही: २०० अ‍ॅम्पिअर, दोन सेकंद, म्हणजे जेमतेम ०.११ अ‍ॅम्पिअर-तास. याउलट गाडी बंद असतानाही घड्याळ, अलार्म, रिमोटची हाक ऐकणारा रिसीव्हर हे सगळे जागे असतात आणि मिळून २० ते ५० मिलिअ‍ॅम्पिअर पितात. ५० धरले तर दिवसाला १.२ अ‍ॅम्पिअर-तास. उभी गाडी एका दिवसात दहा वेळा सुरू होण्याइतकी वीज पिते! तरी ६० अ‍ॅम्पिअर-तासांची बॅटरी या वेगाने अर्धी व्हायला २५ दिवस लागायला हवेत. इथे पाच दिवसांत खडखडाट. म्हणजे चोर मोठा होता.

दौलतगंजातला इलेक्ट्रिशियन आला आणि एका वाक्यात निदान सांगून मोकळा झाला: "भैया, गाड़ी करंट पी रही है." मग त्याने बॅटरीच्या निगेटिव्हची वायर सोडवली आणि वायर व टर्मिनल यांच्यामध्ये मल्टिमीटर जोडला, १० अ‍ॅम्पिअरच्या खाचेत. (अशा वेळी चुकूनही सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज गेलाच समजा.) मीटरवर जवळपास सहा अ‍ॅम्पिअर. भाऊ घाबरला. बॅटरी डिकीत, त्यामुळे डिकी उघडीच होती; ती लागली असं गाडीला वाटावं म्हणून इलेक्ट्रिशियनने डिकीचं लॉक स्क्रू-ड्रायव्हरने दाबून "बंद" केलं, गाडी लॉक केली आणि चहा मागवला.

हा चहा तपासणीचाच भाग. आजच्या गाडीतले छोटे संगणक दार लागल्यावर एकेक करून झोपी जातात. कधी दहा मिनिटं, कधी चाळीस. तोवरचा आकडा काहीच सांगत नाही. चाळीस मिनिटांनी मीटर स्थिरावला: ०.६२ अ‍ॅम्पिअर. दिवसाला जवळपास १५ अ‍ॅम्पिअर-तास. मावशीच्या पाच मिनिटांत त्यातले फार तर एक-दोन परत आले असते.

आता कुठली वायर पिते ते शोधायचं. एकेक फ्यूज उपटला तर झोपलेले संगणक पुन्हा जागे होतात. म्हणून तो फ्यूज जागेवर ठेवूनच त्यांच्या पाठीवरच्या दोन उघड्या टोकांना मीटर टेकवत गेला. फ्यूज हाही बारीकसा रोध. त्यातून करंट वाहत असेल तर दोन टोकांमध्ये काही मिलिव्होल्टचा फरक दिसतोच. फ्यूज-बॉक्समध्ये तेवढा मोठा फरक कुठेच दिसला नाही. मला ही गोष्ट सगळ्यात आवडली, कारण याचा अर्थ चोर कंपनीने टाकलेल्या वायरिंगमधला नव्हताच. डिकीतला गालिचा उचलला तर बॅटरीपासून थेट निघालेली एक जाड लाल वायर दिसली. जुन्या मालकाने म्युझिकसाठी अ‍ॅम्प्लिफायर बसवला होता आणि त्याला "जागा हो" सांगणारी वायर गाडी बंद असतानाही चालू राहणाऱ्या लाइनला जोडली होती. ती काढताच मीटर ०.०३ वर आला.

बॅटरी रात्रभर चार्ज केली. १२.६ व्होल्ट, दिवे लख्ख. सकाळी कडाक्याच्या थंडीत पुन्हा टक-टक.

वजनाचा तोल साधायला या गाडीत बॅटरी मागे डिकीत आहे. परतीचा करंट गाडीच्या पत्र्यातून येतो. इंजिन मात्र रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं आणि रबरातून वीज जात नाही. पत्रा आणि इंजिन यांना जोडणारी एक विणलेली अर्थिंगची पट्टी असते, तीच खरी वाट. तिच्या बोल्टखाली गंज होता. रोध केवढा? ०.०२ ओहम. दिव्यांसारखे पाच अ‍ॅम्पिअर या वाटेने गेले असते तर ०.१ व्होल्टचं नुकसान, कोणाच्या ध्यानातही आलं नसतं. पण सेल्फचे १५० अ‍ॅम्पिअर जाताना तीन व्होल्ट तिथेच जळतात. बॅटरीच्या निगेटिव्हला मीटरचं एक टोक आणि इंजिनाच्या धातूला दुसरं लावून सेल्फ मारला, की हे तीन व्होल्ट उघड दिसतात. पॉलिश पेपरने बोल्टखालची जागा घासली, पट्टी आवळली, आणि इंजिन पहिल्या झटक्यात गुरगुरलं.

बॅटरी मात्र पुरती वाचली नाही. पार उतरलेल्या अवस्थेत ती काही दिवस पडून राहिली की प्लेटांवरच्या लेड सल्फेटचे स्फटिक मोठे आणि टणक होतात, आणि चार्जरला ते विरघळवता येत नाहीत. भाऊ आता तिसऱ्या बॅटरीचे भाव विचारतोय, आणि अ‍ॅम्प्लिफायर विकायला काढलाय.