बाळ हळू भरतंय की दूध कमी पडतंय?

"बाळसं धरत नाहीये गं, दूध पुरत नसेल तुझं." चौथ्या महिन्याच्या आसपास हे वाक्य घरातलं कुणीतरी ऐकवतंच. पहिले तीन महिने दिवसाला २५-३० ग्रॅमने चढणारा काटा आता १५-२० ग्रॅमवर आलेला असतो आणि शेजारचं डब्याच्या दुधावरचं बाळ गुटगुटीत दिसत असतं. काटा मंदावण्याची कारणं मात्र दोन असू शकतात: अंगावर पिणाऱ्या बाळाची मूळचीच संथ चाल, किंवा खरोखर दूध कमी पडणं.

संथ चालीमागे प्रथिनांचा हिशोब आहे. आईच्या १०० मिली दुधात प्रथिनं साधारण १ ग्रॅम, गाईच्या दुधात तिपटीहून जास्त, तर पावडरचं दूध मधे कुठेतरी. प्रथिनं जास्त गेली की इन्सुलिन आणि आयजीएफ-१ ही वाढ ढकलणारी संप्रेरकं चढतात. युरोपातल्या ५ देशांत काही बाळांना कमी, काहींना जास्त प्रथिनांचं पावडरचं दूध देऊन पाहिलं. दुसरा गट दोन वर्षांचा होईतो वजनाने जड निघाला, उंचीत फरक नव्हता. आईच्या दुधात लेप्टिन हे तृप्तीचं संप्रेरकही असतं, पण त्याला फार श्रेय द्यायला माझं मन धजत नाही. बाळाने तोंड फिरवलं तरी उरलेलं संपवायला लावणारी बाटली इथे नसते, हेही कारण लहान नाही.

बाळांच्या वजन-उंचीच्या वाढीच्या अमेरिकेच्या १९७७च्या तक्त्यांत बहुतांशी वरच्या दुधावरची बाळं होती, त्यामुळे अंगावरची बाळं काही महिन्यांनी त्यात मागे पडलेली दिसत. २००६ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह ६ देशांतल्या, अंगावर पाजलेल्या बाळांवरून नवे तक्ते काढले. आपल्या अंगणवाडीत तेच आहेत.

दूध खरंच कमी पडत असेल तर वजनाची रेघ सावकाश चढत राहत नाही, एकामागून एक खालच्या रेघा ओलांडत घसरते. जन्माचं वजन दोन आठवड्यांत भरून निघत नाही. पहिल्या आठवड्यानंतरही दिवसभरात सहा वेळा शू होत नाही, झाली तर गडद असते. बाळ मलूल राहतं, पिताना गिळल्याचा आवाज येत नाही. अशा वेळी डॉक्टर गाठायचे, आणि बाळ स्तन नीट तोंडात धरतं का, हे आधी दाखवायचं. बऱ्याचदा गोम तिथेच असते. नुसत्या रडण्यावरून किंवा सारखं प्यायला मागण्यावरून काही ठरत नाही.

घाईने बाटली आणली की मात्र हा फरकच पुसला जातो. बाळ ओढतं तसं आईचं प्रोलॅक्टिन हे दूध तयार करवणारं संप्रेरक उसळतं आणि स्तन रिकामे होतात तसं नवं दूध तयार होतं. वरच्या दुधाने पोट भरलेलं बाळ कमी ओढतं, स्तन भरलेलेच राहतात, दूध खरोखर आटू लागतं. मग तेच कुणीतरी म्हणतं, "बघ, मी सांगत होते ना!"